दोर धरणारा मेहुणा

दोर माझ्या कमरेला बांधून झाला होता, कॅमेरा छातीशी आवळला होता, आणि वर उभ्या असलेल्या माणसांपैकी एकही जण तो दोर हातात घ्यायला तयार नव्हता.

"अरे, झालं काय?" मी विचारलं. "काल तर सगळे हो म्हणाला होतात."

दित्या पावरा माझ्याकडे न बघता दोराची गाठ चाचपत होता. कड्यावरून उतरून आग्या मोहोळाचा मध काढणारा माणूस हा. त्याच्यावरच आम्ही फिल्म करत होतो. घरात तो पावरी बोलायचा, आमच्याशी अहिराणी.

"दोर मजबूत शे, भाऊ," तो म्हणाला. "दोरनं काही नही. धरनार कोन शे?"

"तुम्ही आहात की! एवढी माणसं कशाला आणलीत मग?"

"आम्ही मांगे ऱ्हासूत. पहिला हात आमना नही लागाव."

एकीकडे उजाडत चाललेलं. पूर्वेचा डोंगर आडवा येत असल्यामुळे खाली अजून सावली होती. ऊन आलं की माश्या उठतात आणि मग कोणाच्या बापाची टाप नाही तिथे उतरायची. म्हणजे हातात होता तो थोडा वेळ, आणि तो असा गाठी चाचपण्यात चाललेला. माझं डोकं फिरायला तेवढं पुरेसं होतं. तसं ते कमी कारणातही फिरायचं.

ही गोष्ट सत्तर सालाच्या आसपासची. मी एका फिल्म युनिटमध्ये डॉक्युमेंटरी करायचो, म्हणजे थिएटरात मुख्य सिनेमाच्या आधी जी छोटी माहितीची फिल्म दाखवत, ती. लोक तेव्हा शेंगदाणे घ्यायला बाहेर जात. त्यापूर्वीची काही वर्षं माझी विहिरी, बंधारे आणि संकरित ज्वारी यांच्यात गेली होती. ज्वारीला किती अँगलनी दाखवणार? समोरून दाखवा, बाजूने दाखवा, ती ज्वारीच दिसते. मला डोंगर, जंगल, जनावरं, जिवावरचं धाडस, असलं काही करायचं होतं. त्यासाठी मी ऑफिसात इतक्या वेळा डोकं खाल्लं, की शेवटी आमचे कामत साहेब म्हणाले, "जा बाबा, कर तुझं जंगल. पण पडद्यावर दिसलं पाहिजे हं!"

तर आम्ही शिरपूरला मुक्काम टाकला आणि तिथून जीपने सातपुड्यात शिरलो. दित्याचा कडा सापडला. त्याच्या पोटात काळी कुळकुळीत मोहळं लटकत होती. मी समोरच्या टेकाडावरून लांबच्या लेन्सने त्याचं उतरणं टिपलं, रिळं धुळ्याहून गाडीने मुंबईला पाठवली आणि मिशीला पीळ देत बसलो. मिशी नव्हती, पण मनातल्या मनात.

ट्रंक कॉल आला. शिरपूरच्या पोस्टात मी कानात बोट घालून उभा, आणि तिकडून साहेब ओरडतायत.

"रशेस बघितले!" रशेस म्हणजे धुऊन आलेली कच्ची फिल्म, कापाकापी व्हायच्या आधीची. "एक मोठा दगड दिसतोय. दगडावर मुंगी आहे. ती मुंगी म्हणजे तुझा हिरो का?"

"साहेब, कडाच तेवढा मोठा आहे."

"मला त्याचा हात पाहिजे! त्याचा चेहरा पाहिजे! मोहोळ कापताना त्याच्या शेजारी कॅमेरा पाहिजे. क्लोजअप नसेल तर फिल्म नाही. गुंडाळ सगळं, आणि येण्याआधी सावद्याला जा. केळीवर एक रीळ करून ये, निदान फुकट गेल्यासारखं नको."

केळीबद्दल माझी काही तक्रार नाही. सावद्याची केळी मी आवडीने खातो. पण सातपुड्याच्या कड्यापाशी येऊन केळीच्या बागेत परत जायचं म्हणजे पुन्हा ज्वारीच. मी फोन ठेवला तेव्हाच ठरवलं, दित्याच्या शेजारून दोरावर आपणच उतरायचं. जो काही एकुलता एक क्लोजअप मिळेल त्यावर फिल्म उभी राहील, नाहीतर माझी जंगलाची हौस तिथेच संपेल. साहेब दुसऱ्यांदा विचारणारे नव्हते.

आणि आता दोर बांधून उभा, तर हे लोक हात लावेनात!

"दित्या, तुझा दोर कोण धरतो?" मी विचारलं.

त्याने मागे बसलेल्या एका रुंद खांद्याच्या गड्याकडे मान हलवली. "जामसिंग. मना साला."

"मग जामसिंगच माझाही धरू दे!"

जामसिंग हसला. दित्या हसला नाही. त्याने मला नीट समजावून सांगितलं, लहान मुलाला सांगावं तसं. दोर झाडाच्या खोडाला वेढा देऊन बांधलेला असतो. ओढायला मागे माणसं असतात. पण काठावर सगळ्यांच्या पुढे बसतो तो उतरणाऱ्याच्या बायकोचा भाऊ. त्याने सांगितल्याशिवाय मागच्यांनी दोर ओढायचा नाही, ढिला सोडायचा नाही. खालच्याचा जीव त्याच्या हुकमावर.

"सालाच का?"

"भाऊ दोर सोडी दी," दित्या म्हणाला. "जमीन शे, वाटा शे, भाऊले काय भरवसा? साला नही सोडाव. त्यानी भैनना संसार त्या दोरले टांगेल ऱ्हास."

आमच्याकडे मेहुण्याबद्दल जे काही बोलतात ते सगळं थट्टेचं. इकडे त्यालाच एवढा मान! पण मला त्या वेळी मानबिन काही सुचत नव्हतं. ऊन सरकत होतं.

"तुमना साला कोठे शे?" दित्याने विचारलं.

माझ्यामागे चार पावलांवर आणखी एक जण उभा होता. आम्ही दोघंही अगदी मन लावून दरीकडे बघत राहिलो.

पण आमचा जीपचा ड्रायव्हर रहीमचाचा धुळ्याचा. त्याच्या पोटात काही राहायचं नाही. तो तंबाखू मळता मळता मोठ्याने म्हणाला, "अरे, साला तो यहीं खड़ा है साब का! ये क्या, अरविंदबाबू!"

सगळ्यांनी वळून पाहिलं. अरविंदचा चेहरा असा पडला, की विचारू नका.

अरविंद माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. बी.ए. होऊन घरी बसला होता. बायको म्हणाली, "न्या हो त्याला बरोबर, जरा माणसांत येईल." म्हणून त्याला प्रॉडक्शन असिस्टंट म्हणून घेतला. प्रॉडक्शन असिस्टंट म्हणजे तंबू, पाणी, जेवण, परवानग्या, सामान, सगळ्या कटकटी ज्याच्या गळ्यात पडतात तो. ऑफिसात बोलणी नकोत म्हणून मी त्याला बजावलं होतं, युनिटमध्ये मला सर म्हणायचं. तो म्हणायचा. पण असा भित्रा प्राणी मी जन्मात पाहिला नव्हता. पाणी उकळल्याशिवाय प्यायचा नाही, कोणाला पिऊ द्यायचा नाही. बूट घालण्याआधी उलटे करून आपटायचा, स्वतःचे आणि माझेही. जीप वळणावर आली की डोळे मिटायचा. रोज सकाळी मी त्याच्यावर एकदा ओरडायचो, म्हणजे दिवस सुरू झाल्यासारखं वाटायचं. कड्याच्या काठाकडे तर तो आला तेव्हापासून फिरकलाच नव्हता.

"सख्खा शे का?" दित्याने त्यालाच विचारलं.

"सख्खा," अरविंद पुटपुटला. "ताई माझ्याहून मोठी."

"तुनी भैन सुखमा शे ना?"

या प्रश्नाला उत्तर द्यायला अरविंदने जरा जास्तच वेळ घेतला. रहीमचाचा तंबाखू मळायचा थांबला. मी घसा खाकरला.

"सर रागीट आहेत," शेवटी तो म्हणाला. "पण तिची तक्रार नाही."

जामसिंगला काय समजलं कोण जाणे, पण तो खो खो हसत सुटला आणि त्याने आपल्या शेजारची जागा हाताने झटकून साफ केली.

"सर, मला नाही जमणार," अरविंद माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला. "दुसरं कोणीतरी बघा ना."

"दुसरा साला कुठून आणू? तुम्ही भाऊ किती आहात?"

"एकच."

"मग बस तिथे. तुला काही करायचं नाही. ओढणारे मागे आहेत. तू फक्त बसायचंस."

तो बसला. काठापासून हातभर मागे, दोन्ही टाचा एका खडकाला रोवून, ओठ आवळून. जामसिंगने त्याच्या हातात माझा दोर दिला, बोटं कशी ठेवायची ते दाखवलं आणि त्याला शिकवू लागला. मी ऐकत होतो.

"हाक मारानी. खालथून ओ उनी, ते ठीक. नही उनी, ते आजून एक हाक. तरी नही उनी, ते इचार करत बसानं नही. ओढी लेवानं. बठ्ठा जन मांगे शेतस."

"समजलं का रे?" मी अरविंदला विचारलं.

त्याने मान हलवली. मला वाटलं, आता एकदाचा उतरू द्या. त्या क्षणी मला दोर कोणी धरलाय याची फिकीर नव्हती. साहेबांचा क्लोजअप तेवढा डोळ्यांसमोर होता.

अंगाला घोंगडी गुंडाळलेली, टोपीवरून मच्छरदाणीचा तुकडा सोडलेला, असा मी काठावरून खाली गेलो. बरोबर छोटा चावीचा कॅमेरा होता. घड्याळाला देतात तशी त्याला किल्ली द्यायची, की स्प्रिंग सुटेपर्यंत तो खटखट चालतो. अर्धं मिनिट फार तर. मग परत किल्ली. बॅटरीची कटकट नाही, आवाज रेकॉर्ड करायची सोय नाही. आमच्या धंद्यात असल्या अडचणीच्या जागी तोच नेतात.

पहिल्यांदा पाय सुटले तेव्हा मी दोर दोन्ही हातांनी गच्च पकडला, हे कबूल करायला हरकत नाही. खाली बघितलं नाही. दित्या माझ्या आधीच उतरून एका चिंचोळ्या कंगोऱ्यावर उभा होता. एका हातात ओल्या पाल्याची धुमसती चूड, दुसऱ्या हातात लांब बांबू. तो मला हाताने खुणावत होता, आणखी खाली, आणखी आत.

"ओऽ दित्याऽ" वरून जामसिंगची हाक आली.

"ओऽऽ" दित्या म्हणाला.

"सऽऽर!" अरविंदचा चिरका आवाज.

"ओऽ!" मी ओरडलो.

असं आम्ही खाली सरकत गेलो, हाक आणि ओ, हाक आणि ओ. दोघांचे दोर शेजारी शेजारी आणि वर दोघांचे साले शेजारी शेजारी. मग मी मोहोळासमोर आलो आणि सगळं विसरलो.

सुपाएवढं मोहोळ होतं. त्यावर माश्यांचा जाड थर. धूर लागला की त्या थरावरून एक काळी लाट वरून खाली सरसरत जायची, आणि परत वर. दित्याचा हात त्या लाटेच्या अगदी जवळ, मनगटापर्यंत काळा झालेला, आणि तो जराही हलत नव्हता. काय माणूस होता! मी किल्ली दिली. पायाने कड्याला रेटा देऊन स्वतःला स्थिर केलं. दित्याने बांबू टेकवला. थराचा एक भाग पडद्यासारखा बाजूला झाला आणि आतलं पिवळंधमक मधाचं पोळं उघडं पडलं.

मी बटण दाबलं.

आता आमच्या धंद्यातली एक सवय सांगायला हवी. चालू कॅमेऱ्यावरच्या एका सलग चित्रणाला टेक म्हणतात, आणि टेक सुरू झाला की सगळ्यांची तोंडं बंद. शिंक आली तर गिळायची, डास चावला तर चावू द्यायचा. नव्या पोराला पहिल्या दिवशी हेच शिकवतात, शिव्या देऊन शिकवतात. वर्षानुवर्षं ते अंगात इतकं मुरतं, की कॅमेऱ्याची खटखट कानावर आली की जीभ आपोआप टाळूला चिकटते. आवाज रेकॉर्ड होत नसला तरीही.

"सऽऽर!"

मला ऐकू आलं. स्पष्ट आलं. दित्याचा हात पोळ्यात शिरत होता. मी कॅमेरा गालाशी घट्ट धरला.

"भावजीऽऽऽ!"

मध ओघळायला लागला होता. त्याची पहिली तार दित्याच्या कोपरावरून सुटली. हेच ते, हाच तो क्लोजअप! आणखी थोडं, फक्त थोडं.

कमरेला असा हिसका बसला, की माझे दात दातांवर आपटले.

मी वर चाललो होतो. मोहोळ, दित्या, मध, सगळं माझ्या पायांखाली गेलं. "अरे थांब! थांबव!" मी आता मात्र बोंबललो, पण आता कोण ऐकतं! मागच्या माणसांना साल्याचा हुकूम मिळाला होता. खडक माझ्या नाकासमोरून खाली धावत होता. गुडघे सोलले, घोंगडी अडकून फाटली, आणि मी एखाद्या पोहऱ्यासारखा काठावर आपटलो.

उठून उभा राहिलो तो थेट अरविंदच्या अंगावर गेलो.

"गाढवा! टेक चालू होता! आयुष्यातला एक टेक! मूर्खा, इतके दिवस युनिटमध्ये आहेस, तुला कळत नाही टेक चालू असताना बोलत नाहीत?"

तो अजून तसाच बसलेला होता. दोर हातातून सोडला नव्हता. शर्ट घामाने अंगाला चिकटला होता, तळहात सोलून निघाले होते आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. ते पुसायला त्याचा एकही हात मोकळा नव्हता.

"माहीत होतं मला," तो म्हणाला.

"काय माहीत होतं?"

"टेक चालू असेल म्हणूनच बोलत नाही आहात. माहीत होतं."

"मग ओढलंस कशाला?"

"आणि नसता चालू तर?" तो एकदम ओरडला. माझ्यावर ओरडण्याची ती त्याची पहिली वेळ. "मग ताईला काय सांगायचं होतं मी? मला वाटलं टेक चालू असेल, म्हणून बसून राहिलो?"

तोंडावर शिवी आली होती, पण ती बाहेर पडेना. एवढ्या भित्र्या माणसाने काठावर बसून, मी त्याला नंतर किती झोडपणार हे ठाऊक असून, हुकूम दिला होता. मला त्याची दया आली, आणि दयेहून जास्त काहीतरी आलं, ते मी त्या वेळी त्याला बोललो नाही. खाली बसून त्याच्या मुठीतून दोर सोडवू लागलो. बोटं इतकी आवळलेली, की एकेक उघडावी लागली. जामसिंग हे सगळं बघत होता. त्याला आमची भाषा अर्धीमुर्धी कळली असेल, पण त्याने अरविंदच्या पाठीवर अशी थाप मारली की तो पुढेच पडला.

थोड्या वेळाने दित्या मधाची पाटी घेऊन वर आला. मी म्हटलं, परत उतरू या. त्याने नकार दिला. एकदा ओ आली नाही म्हणून साल्याने ओढलं, की त्या माणसाने त्या कड्यावर त्या हंगामात उतरायचं नसतं. शिवाय ऊन कड्यावर पोचलं होतं आणि हाताशी असलेलं मोहोळ कापून झालं होतं. बाकीची माश्यांसाठी राखायची असतात. मी पुष्कळ गयावया केली. रहीमचाचाला मध्ये घातलं. काही उपयोग झाला नाही.

मुंबईच्या गाडीत मी साहेबांना काय सांगायचं याची तयारी करत होतो. क्लोजअप आहे पण अर्धा आहे. अर्धा म्हणजे चांगला अर्धा आहे. भरपाई म्हणून कॉमेंट्रीत, म्हणजे चित्रावर वाचतात त्या निवेदनात, मेहुण्याच्या प्रथेवर एक पानही लिहिलं. अरविंद समोरच्या बाकावर तळहातांना पट्ट्या बांधून झोपला होता. त्याला मी झोपू दिलं.

रशेस बघायच्या खोलीत मी साहेबांच्या मागे उभा राहिलो. पडद्यावर दित्याचा हात आला. लाट सरसरली. पोळं उघडं पडलं, मधाची तार सुटली. साहेब पुढे झुकले. आणि मग सगळं चित्र हेलकावलं. खडक, खडक, आभाळ, पुन्हा खडक. मी डोळे मिटले. स्प्रिंग सुटायला अजून अवकाश होता आणि माझं बोट बटणावरून निघालंच नव्हतं. शेवटी काठ आला आणि त्या काठावर उलटा दिसणारा एक चेहरा. तोंड वासलेलं, शिरा ताणलेल्या, गालांवरून पाणी. तिथे रीळ संपलं.

"हा कोण?" साहेबांनी विचारलं.

"चुकून आलंय साहेब, कापून टाकतो. आपला प्रॉडक्शन असिस्टंट."

"रडतोय का?"

"हो." आता लपवण्यात अर्थ नव्हता. "माझा मेहुणा आहे साहेब. बायकोचा भाऊ."

मी सगळं सांगितलं. दोर, साला, हाक, ओ. मला वाटलं, आता नात्यातला माणूस घेतल्याबद्दल हजामत होणार.

"तू कॉमेंट्रीत मेहुण्याच्या प्रथेवर पानभर लिहून आणलंयस," ते म्हणाले. "मी वाचलं. मला खरं वाटलं नव्हतं. ते पान फाडून टाक आणि हा चेहरा ठेव."

चेहरा ठेवला. फिल्म लागली, तेव्हा मी बायकोला घेऊन थिएटरात गेलो. तो उलटा चेहरा आला तेव्हा शेंगदाणे घ्यायला उठलेले दोनचार लोक वाटेतच उभे राहिले. बायको मुख्य सिनेमा न बघताच बाहेर आली, म्हणून मीही आलो. घरापर्यंत ती माझ्या पुढे पुढे चालत राहिली. दुसऱ्या दिवशी मात्र अरविंदला जेवायला बोलावलं आणि पुरण घातलं. माझ्या आवडीची आमटी केली नाही.

पुढे मला डोंगर-जंगलाच्या फिल्म मिळत गेल्या आणि त्यांतच माझी नोकरी सरली. अरविंदने वर्षभरात हा धंदा सोडला आणि तो वीजकेंद्रात लागला. पुष्कळ कड्यांवरून मी उतरलो, ते दुसऱ्यांच्या भरवशावर. धरणारे एकाहून एक तयार गडी असायचे, गिर्यारोहणाचं शिक्षण घेतलेले, ताकदीचे, न घाबरणारे. उतरण्याआधी मी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचो, मी ओ दिली नाही तर काय करशील? "थोडं थांबेन सर, टेक चालू असेल," असं समजूतदारपणे म्हणणाऱ्याला मी तळावर चहा करायला ठेवत असे.